न कापलेले मोर

नातवंडांनो, त्या काळी मद्रासला, मैलापूरच्या आमच्या गल्लीत कपडे शिवणारी एक बाई होती. कुणाचा तरी जपानी किमोनो धुण्यासाठी तिने एकदा उसवला, तर आत सगळे सरळ तुकडे निघाले; जोडले की पुन्हा अख्खं कापड. तेव्हापासून तिरका काप तिने सोडलाच. टाचण्या पदराला खोचलेल्या आणि कात्री फडक्यात बांधलेली, अशीच ती कायम दिसे.

माझी आई गेल्यावर तिच्या मोरांच्या काठाच्या जांभळ्या कांजीवरम साडीचा कोट करावा, म्हणून मी या बाईकडे गेले.

"गळा गोल, बाह्या घट्ट," मी सांगितलं.

"मग अक्का, दुसरा शिंपी बघा. मी सरळच कापणार."

"तो कोट दिसेल की गोणपाट?"

"गोणपाट तर गोणपाट! उद्या मन बदललं, तर आईची साडी कुठून आणाल?"

मी चिडले, तरी साडी तिथेच ठेवून आले.

कोट ढगळच झाला. मी तो दोनदा घातला आणि पेटीत टाकला.

परवा तो उसवला आणि सगळे तुकडे जमिनीवर जोडून मांडले. आईची साडी पुरी भरली. काठावरचा एकही मोर कापला गेला नव्हता.