सव्वा फुटावरचा कप्पा

तुमच्याच धंद्यातला, तुमच्याच गल्लीतला एखादा माणूस तुमच्यापेक्षा सरस काम करू लागला, तर त्याचे वाटोळे व्हावे असे तुमच्या मनात एकदाही आले नाही, हे तुम्ही छातीवर हात ठेवून सांगू शकाल का? घाईने उत्तर देऊ नका. मीही एके काळी ते घाईनेच दिले असते.

नोकरीतल्या खुनाच्या आणि दरोड्याच्या किती तरी फायली आता डोक्यातून गेल्या. एक पांढरी मॅटाडोर मात्र गेलेली नाही. त्या गुन्ह्यात ना रक्त सांडले, ना तिजोरी फुटली. तरी ती घटना कालची असावी तशी आठवते, कारण त्यात एका आरोपीचे नाव लिहायचे राहून गेले. ते नाव माझे होते.

ऐंशीचे दशक संपत आले होते. मी धुळ्यात आग्रा रोडवरच्या एका ठाण्यात फौजदार होतो. रस्त्याच्या कडेला गाड्यांच्या बॉडी बांधणाऱ्यांची रांग होती. त्या रांगेतल्या एका वयस्कर मिस्त्रींना सगळे नाना म्हणत. ट्रकच्या लाकडी केबिन बांधण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. गावोगाव तंबूत सिनेमा दाखवणाऱ्या एका माणसासाठी त्यांनी पूर्वी गाडीतच झोपायला पलंग आणि स्वयंपाकाला ओटा करून दिला होता. ते काम पाहायला लोक लांबून येत.

नानांच्या हाताखाली आठ वर्षे शिकलेल्या एकाने चार दुकाने सोडून स्वतःचे गॅरेज थाटले. त्याला मी धाकटा मिस्त्री म्हणतो. फिरस्तीच्या गाड्या, एवढेच काम तो घेई. मॅटाडोर आतून रिकामी करून दोन्ही बाजूंना घडीचे पलंग, मागे स्टोचा ओटा, टपावर पाण्याची टाकी, खिडक्यांना मच्छरदाणी. तोरणमाळच्या घाटात जाणाऱ्यांसाठी जीपची उंची वाढवायची, कॅरिअरवर तंबू आणि दोन जादा चाके बसवायची. चोपड्याचे केळीवाले, जळगावचे डॉक्टर त्याच्याकडे येऊ लागले. नानांच्या दारावरूनच पुढे जात. एखाद्याने विचारलेच, "कुठं शिकलात हे?" तर धाकटा म्हणे, "आपलं आपणच."

एका शनिवारी टपालात निनावी पोस्टकार्ड आले. सोमवारी सकाळी सातला पांढरी मॅटाडोर धुळ्याहून नरडाण्याकडे निघेल, तीत गांजा आहे, डाव्या पलंगाखाली, मागून सव्वा फुटावर चोरकप्पा आहे, आणि तो अमुक मिस्त्रीने मुद्दाम बांधून दिला आहे. खाली सही, 'एक देशभक्त नागरिक'.

आता माझ्या मनाची झडती घ्या. शेजारच्या ठाण्यात माझ्याच तुकडीतला एक फौजदार होता. त्याने महिन्यापूर्वी चोरकप्प्याचा ट्रक पकडला होता. वर्तमानपत्रात फोटो, वरिष्ठांची शाबासकी, मेसमध्ये पेढे. त्याचा पेढा मी खाल्ला आणि तो मला दिवसभर कडू लागला. पोस्टकार्ड हातात पडताच मला गांजा दिसला नाही, फोटो दिसला.

म्हणून दोन गोष्टी मी पाहिल्याच नाहीत. गांजा सातपुड्यातून खाली येतो, आणि ही गाडी डोंगराच्या दिशेने चालली होती. शिवाय खबरी कधी फुटात बोलत नाही. तो म्हणतो, 'तिथं कुठं तरी बघा.' सव्वा फूट सांगणाऱ्याच्या खिशात टेप असतो. नवशिक्या शिपायालाही हे सुचले असते. ज्याला पुढे जायची घाई असते, त्याला मात्र सुचत नाही.

सोमवारी पंच घेऊन आम्ही नाक्यावर उभे राहिलो. गाडी आली. रेल्वेतून निवृत्त झालेले जळगावचे एक आबा ती चालवत होते, शेजारी त्यांची पत्नी, अक्का. समोर काचेपाशी बुद्धाची लहान मूर्ती. अक्कांचे कमरेचे हाड मोडून नीट जुळले नव्हते. रेल्वेच्या बाकावर त्यांना तासभरही बसवत नसे. बोधगया आणि कुशीनगर एकदा पाहायचे म्हणून आबांनी ही गाडी करून घेतली होती, आणि त्या दिवशी चोपड्याला लेकीकडे जाऊन गाडीची परीक्षा घेणार होते.

डाव्या पलंगाखाली, मागून बरोबर सव्वा फुटावर कप्पा निघाला. त्यात गांजाच्या दोन पुड्या.

"साहेब, हा कप्पा माझ्या गाडीत नव्हता," आबा म्हणाले.

"सगळे हेच म्हणतात."

माझा हवालदार गाडीतून नजर फिरवत म्हणाला, "साहेब, आता ही माणसंसुद्धा घरासारख्या गाड्या करायला लागली. कुठून येतं हे सगळं?"

मी त्याला गप्प केले नाही. 'ही माणसं' म्हणजे कोण, हे त्याला, मला आणि आबांनाही कळले होते. ज्याने तीस वर्षे रुळांवर घाम गाळला त्याने पलंगाची गाडी केली, हेच आमच्या डोळ्यांत खुपत होते. केळीच्या बागायतदाराच्या गाडीत कप्पा सापडता तर मी आधी खुर्ची दिली असती आणि मग प्रश्न विचारले असते. आबांना मी सरळ कोठडीत टाकले. दुपारी गिऱ्हाइकांसमोरून धाकट्या मिस्त्रीला उचलले. अमली पदार्थांचा कायदा नवा आणि कडक होता. पाच वर्षांपर्यंत सजा, आणि जामिनाचे नाव काढायचे नाही. आबांचे वय पासष्टीच्या घरात होते. पाच वर्षे म्हणजे काय, ते अक्कांनी बोटांवर मोजले असावे, कारण ठाण्यातल्या बाकावर कमरेखाली घडी केलेले लुगडे घेऊन त्या बसल्या त्या उठेचनात.

दोन दिवस चौकशी चालली. आबांचे एकच उत्तर. धाकट्याचेही एकच. "पलंग माझे, ओटा माझा. कप्पा माझा नाही."

तिसऱ्या दिवशी सकाळी अक्का म्हणाल्या, "सायेब, मन्ही गोळी गाडीमा ऱ्हायनी. आज तिसरा दिन शे."

कमरेच्या दुखण्याची त्यांची गोळी गाडीतच राहिली होती, आणि गाडी मुद्देमालात होती. मी स्टेशन डायरीत नोंद करून पंच बोलावले आणि अक्कांना धरून आवारात नेले. ओट्याखालच्या ड्रॉवरला त्यांनी दोन्ही हात घातले, जोर लावला, आणि ड्रॉवर इतका झटकन बाहेर आला की त्या मागे कलल्या. महिला शिपायाने सावरले.

"अय माय. हाऊ तं अडकत व्हता," त्या म्हणाल्या. "मिस्तरीनी कव्हय नीट कया?"

मी धाकट्याला कोठडीतून बाहेर आणले. "ड्रॉवर तू दुरुस्त केलास?"

त्याची मान खाली गेली. "नाही साहेब. माझा तो ड्रॉवर चुकलाच होता. आबांना म्हटलं होतं, चोपड्याहून आल्यावर बघू."

त्याने ड्रॉवर आतबाहेर केला. मग गुडघ्यांवर बसून कप्प्यात हात घातला. सांध्यांवरून बोटे फिरवली. एकही खिळा नव्हता. फळ्या दातांसारख्या एकमेकींत बसवल्या होत्या.

"साहेब, हे काम माझं नाही."

"कशावरून?"

"माझं इतकं चांगलं नसतं."

आरोपी बचावासाठी हजार गोष्टी सांगतात. आपले काम कमी प्रतीचे आहे असे सांगणारा आरोपी मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि ते सांगताना त्याला सुटकेचा आनंद नव्हता. त्याचे तोंड कडू झाले होते. तो कडवटपणा मी ओळखला. माझ्याच तोंडातला होता.

"मग कोणाचं आहे?"

"माहीत नाही."

"तुला शिकवलं कोणी?"

त्याने ड्रॉवर हळूच आत सरकवला. पाच वर्षे तुरुंगात जायची पाळी आलेली असताना त्याने गुरूचे नाव घेतले नाही. एरवीही तो घेत नसेच. या वेळी कारण वेगळे होते.

चौकशीत कळले की रंगकामासाठी गाडी तीन दिवस पेंटरच्या आवारात होती. ते आवार नानांच्या गॅरेजला लागून होते, आणि आबांनी आनंदाच्या भरात सोमवारचा सगळा बेत तिथे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितला होता. पण शेजारी राहणे हा गुन्हा नाही. आणि नानांना नुसते विचारले असते तर त्यांनी नाही म्हटले असते.

मी त्यांना निरोप धाडला, की जाणकार म्हणून तुमचे मत हवे आहे. ते इस्त्रीचा सदरा घालून आले. त्यांना गाडीपाशी नेले आणि मी हवालदाराशी बोलू लागलो.

"काय हात आहे हो पोराचा. कोर्टात मी हेच सांगणार, असा कप्पा खानदेशात दुसरा कोणी करणार नाही."

हवालदार बेरका होता. "ड्रॉवर बघा ना साहेब, लोण्यातून सुरी. गुरूच्या वर गेला चेला."

नानांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"कोन म्हनस?"

"सगळेच म्हणतात, नाना."

"हाई त्यानं काम नही शे." त्यांचा आवाज चढला. "त्याना बापले बी जमाव नही. झाकनना खाले सायकलनी ट्यूबनी पट्टी शे, गाडी हालनी तरी वाजाले नको म्हनीसन. इचारा त्याले, माहीत शे का?"

नाना बोलून गेले, आणि आपण काय बोललो ते मग त्यांना ऐकू आले.

ती पट्टी पंचनाम्यात नव्हती. आम्हाला कोणालाच दिसली नव्हती. पंचांसमोर झाकणाची कड उचलली, तर खाली काळी, नीट कापलेली रबराची पट्टी.

नाना पायरीवर बसले. मी पाणी दिले.

"का केलंत, नाना?"

"आठ वरीस शिकाडं त्याले. लोके इचारतस, कोठे शिकना? तो म्हनस, आपलं आपनच."

"आणि ड्रॉवर? तो कशाला नीट केलात?"

"वाकडा व्हता," ते म्हणाले. "माले देखवना नही."

दुसऱ्याची गाडी नासवायला गेलेल्या माणसाला तिच्यातली चूक तशीच ठेवून येववले नाही. चोरकप्पासुद्धा त्यांनी असा केला की तो पाहताच जाणकाराने मान डोलवावी. फक्त मान कोणाच्या नावाने डोलेल, याचा विचार त्यांनी केला नव्हता.

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, हे वाचकांना ठाऊक असावे. म्हणून नानांनी स्वतः दाखवलेल्या जागेतून फळीचा उरलेला तुकडा जप्त केला. कप्प्याच्या फळीला तो लावला, तर लाकडाच्या रेषा एकातून दुसऱ्यात गेल्या. पेंटरचा जबाब झाला, पोस्टकार्डावरचे हस्ताक्षर तपासणीला गेले. आबा आणि धाकट्याविरुद्ध पुरावा नाही, असा कलम १६९ खालचा अहवाल मी स्वतःच्या हाताने लिहिला. ते बाहेर येईपर्यंत अकरा दिवस गेले होते.

गाडी परत देताना आबांनी पावतीवर सही केली आणि मला विचारले, "साहेब, त्या दिवशी तुम्हाला राग कशाचा आला होता? गांजाचा, की गाडी माझी होती याचा?"

मी पावती फायलीत लावली. माफी मागितली नाही. वर्दीच्या आत राहून माफी मागायला त्या काळात मी शिकलो नव्हतो. ते दोघे पुढच्या थंडीत कुशीनगरला जाऊन आले, असे धाकट्याने नंतर सांगितले. ते गेले, पण त्यामुळे माझे अकरा दिवस माफ होत नाहीत.

नानांना शिक्षा झाली. निकालाच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात शिपायांच्या मधे ते उभे होते. धाकटा आला. आजूबाजूला सगळी रांग जमली होती, पेंटर, वेल्डर, दोनतीन गिऱ्हाइके. त्या सगळ्यांसमोर तो म्हणाला, "नाना, मी तुमच्याकडंच शिकलो. पण तो कप्पा मला जन्मात जमला नसता."

नानांनी बेडीतले हात तोंडावर घेतले.

हेच वाक्य त्या शनिवारच्या आधी कधी तरी, गॅरेजच्या दारात, एखाद्या गिऱ्हाइकासमोर बोलले गेले असते, तर पोस्टकार्ड लिहिलेच गेले नसते. गुन्हा नानांचा, शिक्षाही त्यांची. पण मत्सर त्यांच्या एकट्याच्या घरी राहत नव्हता. शिकवणाऱ्याचे नाव गिळणाऱ्यात तो होता, 'ही माणसं' म्हणणाऱ्या हवालदारात होता, आणि ज्याच्या हातात कोठडीची किल्ली होती त्या माझ्यात सर्वांत घातक होता. कारागिराचा मत्सर एक गाडी नासवतो. सत्तेवरच्या माणसाचा मत्सर कायद्याचे कपडे घालून येतो, आणि निरपराध माणूस अकरा दिवस गजाआड बसतो.

त्या शेजारच्या फौजदाराला 'तुझी कारवाई पक्की होती' एवढे सांगायला मला चार वर्षे लागली. तो हसून म्हणाला, "मला वाटलं होतं, तुला माझा रागच आहे."

म्हणून एक मागणे आहे. तुमच्या डोळ्यासमोर या क्षणी एक नाव आले असेल, ज्याचे काम चांगले आहे आणि ते तुम्हाला खुपते. आज संध्याकाळच्या आत त्याच्या दारात जा. आणखी एखादा माणूस ऐकत असताना त्याला सांगा, की तुझे काम चांगले आहे. परत फिरा, चहालाही थांबू नका. पण जा.