टिपाडातलं पाणी

समुद्र माणसाला कुठेही गाठतो. मला त्याने लातूरला गाठलं. ट्रकवर दोरांनी आवळलेला आला आणि उतरवून घेतल्याची सही मागू लागला.

जिल्हा नवा होता. पाट्या आधी आल्या, कचेऱ्या मागून भाड्याच्या घरांत आल्या, आणि कुठल्याशा तळ्यावर जलविहार केंद्र व्हायचं ठरलं. तळं कोरडं पडलं तरी केंद्र कागदावर पुढे सरकत राहिलं आणि त्याची बोट येऊन पोचली. शिडाची, पांढरी, कुठल्या तरी बंदरावर वापरून झालेली. मी नांदेडहून आलेला हंगामी मेकॅनिक. गावाबाहेरच्या यार्डात रोड रोलर आणि पाण्याचे पंप सांभाळायचो. बोट तिथेच लाकडी ठोकळ्यांवर चढवली आणि माझ्या नावावर टाकली.

अशा बोटीला शिडाखेरीज एक लहान डिझेल इंजन असतं. त्याला मोटारीसारखा रेडिएटर नसतो. ते बाहेरचं पाणी ओढतं, अंगातून फिरवतं आणि मागे टाकून देतं. पाणी ओढणारा पंखा रबराचा. कोरडा फिरला तर करपतो, नुसता पडून राहिला तर त्याच्या पाकळ्या वाकलेल्या तशाच ताठरतात. म्हणून बोट जमिनीवर असली तरी इंजनाला पाणी पाजून चालवत राहावं लागतं. आत जस्ताची एक कांडीही असते. खारं पाणी तिला खातं आणि इंजन वाचतं. सरकारी खात्यात हंगामी माणसं ठेवतात ती साधारण याच कामासाठी.

वरचे साहेब यार्डातल्या यंत्रांची पाहणी करायला येणार होते. कधी, ते कळवलेलं नव्हतं. बोटीचं इंजन चालू दिसलं तर माझी नेमणूक वाढणार होती. पंखा जळला असता तर बोटीच्या शेजारी मीही भंगारात गेलो असतो. आणि पाऊस तर झालाच नव्हता. पौषातच गावाला टँकर लागले होते. आमच्या इथल्या अधिकाऱ्यांनी मला एकदाच टिपाडभर पाणी दिलं. वर म्हणाले, "आता एक थेंब मागायचा नाही. माणसं तहानलेली आणि सरकार बोटीला पाणी पाजतंय, असं पेपरात आलं तर?"

मी शेतातल्या इंजनाची युक्ती केली. धुरासाठी वेगळा लोखंडी पाइप बसवला, म्हणजे पाण्यात धूर मिसळणार नाही. पाणी ओढायची आणि टाकायची, दोन्ही नळ्या त्या टिपाडातच सोडल्या. तेच पाणी फिरत राहील.

पहिल्यांदा चालवलं तेव्हा टाकायची नळी बादलीत धरली. तिच्यातून काळपट पेज आली आणि यार्डभर मासळीचा वास सुटला. मागोमाग नखाएवढे शिंपले पडले. जाळी उघडली तर तिच्यात लांब काळं काही अडकलं होतं, केसांसारखं. शेवाळ असावं. चौकीदार जळकोटकडचे, वयस्कर. मी त्यांना मामा म्हणायचो. ते वाकून बघत राहिले.

"मिस्त्री, हे बाईमाणसाचं हाय."

"शेवाळ आहे, मामा."

"आसंल. पर शेवाळाला येवढं कोण इंचरतंय?"

ती पेज मी फेकून दिली, आणि टिपाडात उरलेलं पाणी जिवापाड जपायला लागलो.

त्या दिवसांतल्या सकाळी चमत्कारिक होत्या. थंडी होती, पण दव नव्हतं. उडती धूळ धुक्यासारखी जमिनीलगत असायची आणि तिच्यातून बोट वर आलेली दिसायची, जणू तिच्याखाली काही आहे. वारा नसतानाही डोलकाठीवर तारा आपटायच्या. कुत्री तिच्या सावलीला जात नसत. मामा दगड मारायचे हे त्याचं एक कारण होतं, पण मामा रजेवर असतानाही ती जात नसत.

मी रोज सकाळी इंजन चालवायचो. पाणी चांगलं कढत झालं की बंद करायचो आणि फाटकाबाहेर चहाला जायचो. एकदा परत येऊन नळी काढायला हात घातला तर पाणी गार. विहिरीतून आत्ता शेंदल्यासारखं गार. एवढं पाणी एका चहात निवत नाही. पदार्थविज्ञान निदान तेवढ्यापुरतं तरी प्रामाणिक असतं. दुसऱ्या दिवशी मी टिपाडाच्या आतल्या बाजूला खडूची रेघ मारून गेलो. एका नळीची क्लिप गळत होती, म्हणजे पाणी रेघेखाली जायला हवं होतं. आलो तेव्हा ते रेघेच्या वर होतं. गार, स्वच्छ, आणि त्यात कडुलिंबाची एक डहाळी तरंगत होती. यार्डात कडुलिंब नव्हता.

भुताखेतांच्या गोष्टी मी वाचनालयातून आणून बऱ्याच वाचल्या होत्या. त्यांतली भुतं माणसांना बुडवत, झपाटत, क्वचित जेवायलाही बसत. दुष्काळात कुणाकडे फुकट पाणी भरल्याचं एकही उदाहरण माझ्या वाचनात नव्हतं.

"मामा, टिपाड कोण भरतंय?"

मामांनी डोलकाठीच्या शेंड्याकडे पाहिलं. "ज्याला गरज हाय तो भरत आसंल."

"आणि पाणी गार कसं होतं?"

"समुंदराची बोट हाय. तिला गारच लागतंय."

माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. तरीही दुसऱ्या दिवशी इंजन बंद केल्यावर फाटकाकडे जाताना माझी पाठ बोटीकडे होती, आणि ते मला सारखं जाणवत होतं. अर्ध्या वाटेतून मी वळलो, रोलरच्या आडून परत आलो आणि बोटीच्या केबिनमध्ये शिरून बसलो.

आत अंधार होता. खारा, कोंदट वास. इंजन निवताना आतून टकटक करत होतं. मग खालून पावलं आली. पुष्कळ, अनवाणी, न बोलता. टिपाडाचं झाकण सरकलं. काही तरी बोटीच्या अंगाला घासत गेलं आणि अख्खी बोट घुमली, मी एखाद्या घागरीत बसलो असावा तशी. गोल खिडकीची धूळ पुसून मी तोंड काचेला लावलं.

बाहेर किंकाळी फुटली.

"अगं आई! बुडालेला मानूस हाय आत!"

"बुडालेला कुठला, मिस्त्री हाय त्यो! मिशा बघ की."

पलीकडच्या वस्तीतल्या बायका होत्या. प्रत्येकीकडे दोन घागरी: एकीत टिपाडातलं वाफाळतं पाणी, दुसरीत टँकरचं गार. भरल्या घागरी हिंदकळू नयेत म्हणून त्यांत कडुलिंबाच्या डहाळ्या टाकलेल्या. मी खाली उतरलो. किंचाळणारी अजून छाती धरून उभी होती. सगळ्यांत वयस्कर बाई पुढे आल्या.

"मावशी, हे काय चाललंय?"

"जेवढं नेतो तेवढं वततो की, बाबा. वर तांब्याभर जास्तच."

"जास्त कशाला?"

"तुमचं इंजन तापून बंद पडलं मग? लेक बाळंतीण हाय माझी. शेकायला, न्हायला कढत पानी लागतंय, आन् सरपन कुठं हाय? आमचा बंब हाय ह्यो."

"बंब?"

"मग? दुसऱ्या कशाच्या कामाचा हाय का?"

मी मामांकडे पाहिलं. मामा फाटकाचं कुलूप नीट आहे का ते बघण्यात गढून गेले होते.

त्यांचा तांब्या थांबला असता तर टिपाड कधीच तळाला गेलं असतं, पंखा करपला असता आणि माझी नेमणूक संपली असती. मी एवढंच म्हणालो की यायचं तर पावलं वाजवत या. चहाला मी जात राहिलो.

साहेब आले ते सकाळीच. इंजन चालवून पाणी नुकतंच कढत झालं होतं. नळीतून जाड, स्वच्छ धार पडत होती, तिची वाफ दिसत होती. साहेबांनी तिला बोट लावलं, पटकन मागे घेतलं आणि समाधानाने मान हलवली. तेवढ्यात त्यांना भिंतीलगत बायका दिसल्या. डोक्यावर पदर, कडेवर भरलेल्या घागरी, घागरींत हिरवी डहाळी. साहेब गहिवरले. नव्या जिल्ह्यातल्या सुवासिनी पूर्णकुंभ घेऊन स्वागताला आल्या आहेत, हे कुणाला विचारून घ्यायची गरज त्यांना वाटली नाही. त्यांनी थेट हात जोडले. मावशींच्या घागरीत एक रुपया टाकला. माझ्याकडे वळून म्हणाले, "याला मुदतवाढ द्या." मग बायकांना आवाज नीट ऐकू जावा म्हणून मला इंजन बंद करायला सांगितलं आणि ते बोलायला उभे राहिले.

ते समुद्रावर बोलले. मराठवाड्याच्या मातीत समुद्राची ओढ युगानुयुगं दडून होती, असं ते म्हणाले. दुष्काळ ही परीक्षा आहे, असं म्हणाले. बायका घागरी या कडेवरून त्या कडेवर घेत ऐकत राहिल्या. तारा डोलकाठीवर आपटत होत्या. पाण्यावरची वाफ विरळ होत गेली, मग दिसेनाशी झाली.

साहेबांची गाडी गेल्यावर मला इंजन पुन्हा चालू करावं लागलं. पाणी निवलं होतं आणि बाळाची आंघोळ राहिली होती.