बरी आणि चांगली

दिगंबररावांना जगातल्या सगळ्या वस्तूंसाठी दोनच शब्द पुरत, 'चांगली' आणि 'बरी'. त्यांची 'बरी' ऐकली की समजायचं, काहीतरी राहिलंय. आमटी चाखून ते म्हणत, "वहिनी, बरी आहे," की मी मुकाट्याने पातेलं परत चुलीवर चढवायची. आमच्या धाकटीला सांगून आलेल्या एका मुलाची चौकशी आमच्या ह्यांनी त्यांच्याकडे केली. "मुलगा बरा आहे," म्हणाले. ते स्थळ तिथेच मिटलं.

आम्ही झाशीला आलो ते ह्यांच्या रेल्वेच्या नोकरीमुळे. दिगंबररावांचं घराणं मात्र पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. आमची भिंतीला भिंत. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही, म्हणून त्यांचा दुपारचा डबा माझ्याकडून जायचा. ते स्टेशनपलीकडच्या एका खासगी कारखान्यात होते. जळालेल्या मोटरींमध्ये तिथे नवी तार भरत, आणि भरलेली मोटर तपासायचं काम दिगंबररावांचं. डबा पोचवला की मी जरा बघत उभी राहायची. हाताने फिरवायच्या दांड्याची एक पेटी असे. तिची एक वायर मोटरच्या तारेला जोडायची, दुसरी वरच्या लोखंडाला, आणि दांडा फिरवायचा. "तारेवरचं वेष्टण कुठे ओलं आहे, कुठे फाटलंय, ते हा काटा सांगतो वहिनी. पण त्याचं पहिलं बोलणं धरायचं नाही. पाहुण्यासारखा आहे तो, आल्या आल्या गोडच बोलतो." बाकीचे दोन-चार फेरे मारून मोकळे होत. हे फिरवतच राहत, आणि आत ओल असली की वर चढलेला काटा हळूहळू खाली येई.

मग खडूने मोटरच्या अंगावर लिहायचे. 'चांगली', म्हणजे धाडा. 'बरी', म्हणजे अजून ओल आहे, भट्टीत ठेवून सुकवा. लिहायचे मराठीतच. आता हिंदीत 'बरी' म्हणजे कोर्टातून सुटलेली, त्यामुळे तिथे रोजचा हशा. तार भरणारा हरप्रसाद मुद्दाम विचारायचा, "काय पंडितजी, जा बरी हो गई कै अबै हवालात में?" म्हणजे, ही सुटली की अजून कोठडीतच?

"हवालात में," दिगंबरराव म्हणायचे. "जमानत पर कल विचार होगा."

कारखान्याचे मालक शेटजीसुद्धा हसायचे. त्या शब्दाचा तिथला अर्थ ठाऊक नाही असं कारखान्यात कोणी नव्हतं. हे मी मुद्दाम सांगते आहे.

एका पावसाळ्यात एरच गावाकडची, बेतवा नदीचं पाणी वर चढवायची मोटर आली. दिगंबररावांनी ती तपासली, 'बरी' लिहिलं, आणि भट्टीजवळ ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी वडिलांचं श्राद्ध, म्हणून ते रजेवर. गिऱ्हाईक ट्रॅक्टर घेऊन दारात अडून बसलं. शेटजींनी मोटर तशीच चढवून दिली. तिकडे ती चालू झाली, वरच्या लोखंडात वीज उतरली, आणि पंप सांभाळणारा तरणा माणूस हात लावताक्षणी गेला.

चौकशीला सरकारी साहेब आले. आमचे हे दिगंबररावांसोबत गेले होते. त्यांनी घरी येऊन सांगितलं तेच सांगते. परत आणलेल्या मोटरवर खडूची अक्षरं तशीच होती. शेटजींनी बोट दाखवलं. "देख लीजिए साहब, इन्हीं के हाथ का है. बरी. हमने छोड़ दी."

"बरी माने अच्छी नहीं, साहब," दिगंबरराव म्हणाले. "हमारी मराठी में..."

"तो बुरी?"

"नहीं, बुरी भी नहीं."

"कामचलाऊ?"

दुसरा कोणी असता तर नाही म्हणून सुटला असता. दिगंबरराव विचार करत राहिले. शब्द घासूनपुसून घेतल्याशिवाय बोलायचं कधी जमलंच नाही त्यांना. "हाँ," म्हणाले, "कुछ वैसी ही."

साहेबांना तेवढं पुरलं. हरप्रसाद तिथेच तारेचं वेटोळं घेऊन उभा होता. दिगंबररावांनी त्याच्याकडे पाहिलं, तर तो वेटोळ्याचा गुंता सोडवायला लागला. गुंता नव्हताच, असं आमचे हे म्हणतात.

तुरुंग झाला नाही. पण काम गेलं, आणि झाशीत पुन्हा कोणी त्यांना मोटरीजवळ उभं केलं नाही. मोहल्ल्यातले लोक त्यांच्या ओट्यावर खेळणाऱ्या मुलांना हाक मारून घरात घ्यायचे. दिगंबरराव एकदा एरचला त्या माणसाच्या घरी जाऊन आले. काय झालं विचारलं, तर म्हणाले, "त्याच्या आईने विचारलं, लिखो तो तुमई ने? तुम्हीच लिहिलं होतंत ना? मी हो म्हटलं."

"अहो, पण अर्थ सांगायचा ना."

"मुलगा गेलेल्या बाईला मराठी शिकवू, वहिनी?"

त्यानंतर माझ्या आमटीला ते 'चांगली' म्हणू लागले. खारट असली तरीसुद्धा. मला ते ऐकवत नसे.

असेच कुढत गेले. एके दिवशी सकाळी दार वाजवलं, उघडलं नाही. आमचे हे, आमचा मुलगा आणि देवळातले गुरुजी, एवढीच माणसं जमली. तेवढ्यात हरप्रसाद आला. माझ्यासमोर हात जोडून रडायला लागला. "भौजी, हम सब जानत ते. पंडितजी बरी लिखें, तो भट्टी में धरने."

"साहब से कहा था?"

"सेठजी ठाड़े ते, भौजी." शेटजी तिथे उभे होते, म्हणून.

तिरडी उचलायची वेळ झाली तसा तो खांदा द्यायला पुढे सरकला. मी ह्यांना म्हटलं, ह्याला हात लावू देऊ नका. हे दाराबाहेर बघून आले. चौथा माणूस नव्हता.