रवींद्रचं शिआन

सिंगापूरच्या हौगांगमधल्या एका ब्लॉकमध्ये कुणा मराठी माणसाला सरकारी फॉर्म भरायचा असला, की बेल वाजते ती रवींद्र देवस्थळीच्या दारावर. आईवडिलांना सिंगापूरला बोलवायचंय, मुलीच्या शाळेचा अर्ज आहे, पीआरसाठी, म्हणजे कायमच्या वास्तव्यासाठी, कागद लावायचेत, जुन्या दाखल्यावर वडिलांचं नाव अर्धंच आलंय, काहीही असो. चांगी बिझनेस पार्कमधल्या बँकेत हा दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढणार आणि घरी आल्यावर पुन्हा तेच करत बसणार, वर आलेल्याला चहा पाजणार. त्याची बायको अनघा म्हणायची, "तुला फॉर्म दिसला की भूक लागते." तो हसायचा आणि पेनाचं टोपण काढायचा.

आता असा माणूस चिनी भाषा कशाला शिकेल? तर लेकीपायी. अवनी पहिलीत गेली तेव्हा शाळेत दुसरी भाषा कुठली घ्यायची हा प्रश्न आला. मराठी काही मिळणार नव्हती. बाकीच्यांनी मुकाट हिंदी घेतली. रवींद्रने मात्र जाहीर केलं, "इथे राहायचं तर इथल्या शेजाऱ्यांशी बोलता यायला हवं," आणि पोरीच्या नावापुढे चिनी लिहून मोकळा झाला. मग घरी अभ्यास घेणार कोण? अनघाने हात वर केले. तेव्हा हा बाबा दर शनिवारी कम्युनिटी क्लबमधल्या वर्गाला जाऊन बसू लागला. वर्गात बाकी सगळी विशीतली मुलं, आणि मध्ये हा एकटा टक्कल पडू लागलेला.

अवनीने दहावीनंतर त्या भाषेला जो रामराम ठोकला तो ठोकलाच. कुणी चिनीत बोललं तरी ती इंग्रजीत उत्तर द्यायची. बापाला मात्र नाद लागला तो लागला. खाली हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांत, कॉफीवाल्या अंकलशी रोज सकाळी दहा मिनिटं गप्पा. अंकल त्याचे उच्चार सुधारायचे आणि हा त्यांची वीजबिलं वाचून द्यायचा.

आणि त्या नादातून निघालं शिआन. अवनीच्या तिसरीच्या पुस्तकात एका तटबंदीचं चित्र होतं: जुनी राजधानी, कितीतरी राजघराण्यांनी तिथून राज्य केलं, आणि गावाभोवतीची भिंत अजून उभी. अवनीने त्या चित्राला मिश्या काढल्या होत्या. रवींद्रने ते मन लावून पाहिलं आणि म्हणाला, "इथे जायचं." आठ वर्षं तो हेच म्हणत होता. नकाशावर त्याने ते गाव इतकं पालथं घातलं होतं, की कुठल्या गल्लीत सकाळी सोयाबीनचं दूध मिळतं हेही त्याला ठाऊक होतं. कधी अवनीची परीक्षा, कधी बँकेचं काम, कधी पुण्याला सासऱ्यांचं आजारपण. शिआन आपलं तिथेच होतं, यालाच सवड नव्हती.

शेवटी सिंगापूरच्या पासपोर्टवर चीनला जायला व्हिसा लागणार नाही असं जाहीर झालं. ही बातमी मित्रांच्या ग्रुपवर सर्वांत आधी टाकली कुणी? यानेच. खाली लिहिलं होतं, "आता कुणाचीही सबब ऐकणार नाही." डिसेंबरच्या सुट्टीचं ठरलं. अनघा, अवनी, रवींद्र आणि जुने मित्र निशिकांत आणि सुचित्रा, असे पाच जण. रवींद्रने एक जाडजूड फाइल केली. प्रत्येकाचा पासपोर्ट सहा महिने चालेल ना, हे त्याने तीन वेळा तपासलं.

सकाळच्या विमानाला सगळे चांगी विमानतळावर पोचले. काउंटरवरच्या मुलीने चार पासपोर्ट पटापट बघून परत दिले. पाचवा पुढून चाळला, मागून चाळला.

"सर, व्हिसा?"

रवींद्रला बरंच वाटलं. सराव करायला अशी संधी कुठे मिळते? तो तिला अगदी प्रेमाने, चिनीत, समजावून सांगू लागला, की आता नियम बदललाय, व्हिसा लागत नाही. आणि वाक्याच्या मध्येच त्याचं लक्ष तिच्या हातातल्या पासपोर्टकडे गेलं. बाकी चारही लाल होते. हा गडद निळा होता. भारताचा.

अनघा, अवनी, निशिकांत, सुचित्रा, चौघांचेही नागरिकत्वाचे अर्ज आठ वर्षांपूर्वी यानेच भरले होते. स्वतःचा तेवढा राहिला. विचारलं की म्हणायचा, बघू पुढच्या वर्षी. एकदा अनघाने नेट लावून विचारलं तेव्हा जेवता जेवता थांबून म्हणाला होता, "एवढं एक राहू दे गं." त्यानंतर तिने तो विषय काढला नव्हता. आणि सगळ्या घराने त्याच्यावर सगळं सोपवलेलं, त्यामुळे त्याचे कागद कुणी बघावे हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

एरवी निशिकांतने त्याला आयुष्यभर पुरेल इतकं चिडवलं असतं. त्या दिवशी तो नुसता म्हणाला, "रव्या, अरे…"

"बाबा, हाऊ कॅन लाइक दॅट," अवनी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

"मीही जात नाही," अनघा म्हणाली.

"वेड लागलंय का तुला? सुचित्रा शाकाहारी, निशिकांत स्वतःच्या कार पार्कमध्ये रस्ता चुकतो. मी नाही, तर निदान फाइल जाऊ दे." त्याने ती तिच्या हातात कोंबली. तो हसत होता, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. अनघाला त्याचा इतका राग आला होता आणि इतकी दया आली होती, की दोन्हीपैकी काय आधी करावं ते तिला कळेना. शेवटी तिने त्याच्या शर्टाची कॉलर सरळ केली आणि आत गेली.

शिआनला कडाक्याची थंडी होती. मेट्रोचं कुठलं दार, कुठल्या बाजूचा जिना, सगळं फाइलमध्ये होतं आणि सगळं बरोबर होतं. घंटाघराच्या चौकात अनघाने पान उलटलं, तर खाली बारीक अक्षरात लिहिलेलं: "इथे वारा फार. अनघाला कान झाकायला सांगणे." ती फाइल छातीशी धरून रस्त्यातच उभी राहिली. सुचित्राने विचारलं तर म्हणाली, "डोळ्यांत धूळ गेली."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते गल्लीतल्या एका शेवयांच्या दुकानात शिरले. सुचित्राला बिनमांसाचं काहीतरी हवं होतं, आणि मालकीणबाईंना इंग्रजीचा गंध नव्हता. अनघाने रवींद्रला फोन लावून स्पीकरवर टाकला. झालं. सुचित्राच्या शेवया राहिल्या बाजूला आणि दोघांचं जे सुरू झालं ते थांबेचना. बाईंनी मधेच आचाऱ्याला बोलावून आणलं, त्यालाही फोनवर घेतलं. पलीकडून रवींद्र खदखदून हसत होता. अखेर सुचित्रासमोर तिखट तेलातली गार शेवयांची थाळी आली आणि फोन बंद झाला.

बाई अवनीकडे वळल्या आणि काहीतरी विचारलं. अवनीने मान खाली घातली. बाईंनी पुन्हा विचारलं.

"काय म्हणतायत?" अनघा म्हणाली.

"विचारतायत, तुझे बाबा कुठे आहेत, इतकं छान बोलतात तर आले का नाहीत."

"मग सांग ना."

अवनीने जेवणाच्या काड्यांशी चाळा केला. मग बोलू लागली. आधी अडखळत, दोनदा शब्द शोधत, आणि नंतर सरळ. सतरा वर्षांची ती पोरगी भर दुकानात, चिनीत, बोलत होती. अनघाला त्यातलं काही कळत नव्हतं. नुसतं "पापा, पापा", म्हणजे बाबा, तेवढं ऐकू येत होतं. शेजारच्या टेबलावरचे लोक जेवायचे थांबले. पासपोर्टचं सांगितलं असावं, कारण सगळे हळहळले आणि मग हसले. पुढे अवनीने काहीतरी हळू सांगितलं. बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"शेवटी काय म्हणालीस?" बाहेर आल्यावर अनघाने विचारलं.

"म्हटलं, ते माझ्यासाठी शिकले. आणि मी सोडून दिलं." अवनीने नाक पुसलं. "मी वाईट वागले गं, आई."

अनघाने तिला जवळ घेतलं. त्या रात्री फोनवर अवनी बापाशी चिनीत बोलली. रवींद्रने तिच्या दोन चुका काढल्याच. स्वभावाला औषध नसतं, दुसरं काय.

परतायच्या आदल्या दिवशी सगळे दक्षिण दरवाजाशी गेले. समोर भिंत. चित्रातल्यापेक्षा कितीतरी मोठी, करडी, भक्कम. वर सायकली मिळतात, चौदा किलोमीटरची फेरी मारता येते. निशिकांत-सुचित्रा लहान मुलांसारखे धावले. अवनीने आईचा हात ओढला.

"माझा गुडघा," अनघा म्हणाली. "तुम्ही जा. मी बसते खाली."

गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं. ती बाकावर बसली, कान झाकून घेतले, आणि नवऱ्याला फोन लावला.

"पोचलात? थांब, व्हिडिओ लावू नकोस," तो घाईने म्हणाला. "नको दाखवूस. नुसतं सांग. कशी आहे?"

"उंच आहे," ती म्हणाली.

चांगीला तो त्यांना घ्यायला आला होता. घरी वरणभात तयार होता. जेवणं झाली, अवनी झोपायला गेली, आणि रवींद्रने लॅपटॉप उघडून टेबलावर ठेवला. विमानात अनघाला एकच धास्ती होती: लाजेपोटी हा आता नागरिकत्वाचा अर्ज करणार, इतकी वर्षं जपलेलं ते निळं पुस्तक देऊन टाकणार. तिने स्क्रीनकडे बघितलं. चीनच्या व्हिसाचा फॉर्म होता. सगळे रकाने कोरे.

"भरला नाहीस अजून?"

"चार दिवस बसतोय समोर," तो म्हणाला. "लोकांचं सगळं दिसतं मला. माझं मलाच दिसत नाही. तू भर ना."

पंचवीस वर्षांच्या संसारात त्याने तिला एक कागद भरू दिला नव्हता. अनघाने खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि लागली भरायला. नाव. जन्मगाव, सासवड. नागरिकत्व, भारतीय. इथे तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान हलवली. प्रवासाचं कारण, पर्यटन. तो शेजारी बसून बघत होता, आणि आश्चर्य म्हणजे एकही चूक काढत नव्हता.

पुढचा रकाना होता: सोबत कोण येणार. अनघाने स्वतःचं नाव टाइप केलं.

"तू तर आजच आलीस तिथून," रवींद्र म्हणाला. "पुन्हा तेच काय बघणार?"

"भिंत राहिलीय माझी," ती म्हणाली, आणि खालच्या रकान्याकडे वळली.