बाल्कनीतली बाग

आमच्या सोसायटीत तिला सगळे पाखरंवाली म्हणतात. ती माझ्या खालच्या मजल्यावर राहते. लोकांचे कपडे उसवून मापात बसवून देते, आणि तिचा टाका चष्मा लावूनही सापडत नाही. नवऱ्याचं अर्धं अंग लुळं पडलं तेव्हापासून शिलाई मशीन त्याच्या पलंगाला लागून आहे. ती उठली की तो विचारतो, "कुठे चाललीस?" स्वयंपाकघरात गेली तरी विचारतो.

सकाळी त्याच्याकडून व्यायाम करून घ्यायला माणूस येतो. तेवढा तासभर तिचा. पायांत चपला सरकवून ती समोरच्या बागेत येते आणि आम्ही दोघी कोपऱ्यातल्या बाकावर बसतो. मला पक्ष्यांतलं ओ की ठो कळत नाही, मी गुडघ्यांसाठी येते. ती मात्र मान वर करून बसलेली असते. "तो बघ नाचण. शेपटीचा पंखा करून मिरवतोय, नव्या जावयासारखा." फुलपाखरू जवळ बसलं की श्वासही हळू घेते. त्या तासात ती हसते. घरी तिला हसताना मी पाहिलेलं नाही.

मुलगा परगावी नोकरीला. रोज फोनवर औषधं काय, पथ्य काय, सगळं सांगतो. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? पण पोरगा मायाळू आहे, हे खोटं कसं म्हणू? सुट्टीत आला आणि आईला आवडतं म्हणून त्याने बाल्कनीचीच बाग करून टाकली. लाल फुलांच्या कुंड्या आणल्या. फुलपाखरांच्या अळ्या असलेलं लिंबाचं रोप कुठून कुठून शोधून आणलं. पक्ष्यांसाठी पाण्याचं पसरट भांडं ठेवलं. बाल्कनीला कबुतरं येऊ नयेत म्हणून आधीपासून जाळी आहे, तर पक्षी आत येणार कुठून, हे कोणाच्या डोक्यातही आलं नाही.

"आई, आता तुला खाली जायची दगदगच नको," तो म्हणाला. बापाचे डोळे भरून आले. ती म्हणाली, "छान आहे." दुसरं काय म्हणणार?

मुलगा परत गेला आणि बाकावर मी एकटी. शेवटी तिला बोलवायला गेले.

"ते म्हणतात, सगळं पोराने घरात आणून ठेवलंय, मग मला टाकून कशाला जायचं?" ती दारातूनच म्हणाली. "आणि मी पाखरं बघायला जाते असंच सांगत आले ना आजवर. आता पाखरं घरीच आली."

"मग खरं सांग की."

"काय सांगू? तुमच्यापासून तासभर लांब बसायचं असतं मला, असं? आजारी माणसाला असं सांगतात का गं?"

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

परवा सकाळी तिने बाल्कनीतून हाक मारली म्हणून मी खाली गेले. आत व्यायाम चालला होता. कोषातून फुलपाखरू बाहेर आलं होतं, काळं, पंखांवर पांढरे ठिपके, आणि ते जाळीवर धडका मारत होतं. एका पंखाची कड फाटली होती. तिने कापड कापायची मोठी कात्री आणली, जाळी वीतभर कापली आणि त्याला ओंजळीत धरून बाहेर सोडलं. ते रस्त्यावरून सरळ बागेत गेलं. ती मात्र दोन्ही हात कोपरापर्यंत त्या भोकातून बाहेर काढून तशीच उभी राहिली.

आतून आवाज आला, "कुठे आहेस?"

"इथेच आहे."

"कात्री वाजली. जाळी कापलीस का? कबुतरं येतील."

"शिवते."

"राहू दे गं," मी म्हटलं, "एवढंसं तर भोक."

तिने हात आत घेतले. सुईत नायलॉनचा दोरा ओवला आणि टाके घालायला लागली. मला तिच्या नवऱ्याचा राग आला, मुलाचा आला, सगळ्यांत जास्त तिचा आला, आणि रडूही आलं. काम झाल्यावर तिने दाताने दोरा तोडला आणि जाळीवरून बोट फिरवून पाहिलं. कुठे कापलं होतं, ते मला दाखवता आलं नसतं.