आत्यांनी सोडवलेली क्वेरी

जगातल्या प्रत्येक गोष्टीला नंबर असतो आणि तो फक्त आपल्यालाच ठाऊक असतो, असं मानणारी एकच बाई मी पाहिली, ती म्हणजे माझ्या बायकोची सोनई गावातली आत्या. गाईंचे दुधावर नंबर, शेजारणींचे आवाजावर नंबर, भावकीतल्या लग्नांचे बुंदीवर नंबर. बुंदी कडक निघाली की त्या लग्नाची घसरगुंडी मांडवातच जाहीर होई. जावयांची यादी तर तोंडपाठ. पहिल्याच भेटीत, भर पंगतीत मला वाढताना म्हणाल्या, "तुमी पाचवे. वाईट वाटून घिऊ नका, सहावा लई वाईट हाय." सहावा माझ्या शेजारीच श्रीखंड खात होता.

मागच्या वर्षी पुण्यातली माझी नोकरी गेली, तेव्हा आम्ही थोडे दिवस त्यांच्याकडे राहिलो. एका कंपनीची नोकरीसाठीची परीक्षा दुसऱ्या दिवसावर आली होती. दुपारी ओसरीवर लॅपटॉप उघडून सराव करत होतो. प्रश्न डेटाबेसचा होता: गुणांच्या यादीला क्रमांक द्यायचे, सारख्या गुणांना सारखाच क्रमांक, पण मधला एकही क्रमांक गाळायचा नाही. माझी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला दिलेली आज्ञा, दर वेळी एक, दोन, दोन, चार असं काढायची आणि चूक म्हणून पडदा लाल व्हायचा.

भुईमुगाच्या शेंगा फोडता फोडता आत्या वाकल्या. "ह्या चौथ्यानं काय पाप केलं?"

"त्याच्या पुढे तिघं आहेत, आत्या."

"मानसं तीन, पर आकडे दोनच की! तुमी मानसं मोजताय, जावईबापू. त्याच्यापरीस मोठे आकडे किती, ते मोजा. येकसारका आकडा येकदाच धरायचा, अन् वर येक मिळवायचा. माज्या गाईंचं मी आसंच करते."

मी तसंच लिहिलं. पडदा हिरवागार! मी अशी उडी मारली की शेंगांचं सूप उलटलं, बायको धावत बाहेर आली, गोठ्यातून दोन गाई हंबरल्या.

"आत्या, पास झालात! पहिल्या नंबरानं!"

ती नोकरी पुढे मला मिळालीही. पण त्या दुपारी आत्या डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या, आणि मग त्यांनी पदरानं डोळे पुसले.

"चौथीची परीक्षा दिली व्हती मी," त्या म्हणाल्या. "तवाच आई आजारी पडली, मला घरी बसवलं. निकाल आनायला कोनी गेलंच न्हाई." मग त्यांनी विचारलं, "माजा नंबर कितवा आला आसंल, वो?"

मी खाली बसून शेंगा गोळा करू लागलो.