पूजेत मांडलेली अँटिबॉडी

"तू जरा लांब थांब. तुमच्यात हे नसतं ना."

सर म्हणाले, माझे पीएच.डी.चे गाईड. हातात हळदीकुंकवाचं ताट. आमच्या लॅबमधली खंडेनवमी. मायक्रोस्कोप, पिपेट, सगळं टेबलावर मांडलेलं, गंध लावलेलं. आणि मधोमध एक एवढीशी बाटली. लॅबमधली सगळ्यात महागाची वस्तू म्हणून सरांनी ती स्वतः फ्रीजरमधून काढली होती.

ती अँटिबॉडी माझ्या कामाची. शेळीच्या यकृतात एक एन्झाइम असतं, चरबीपासून ताकद बनवणारं. अँटिबॉडी त्याला जाऊन चिकटली तरच ते नमुन्यात दिसतं. परदेशातून मागवलेली, किती वाट बघून आलेली. माझी अख्खी पीएच.डी. त्या थेंबांवर.

खिडकीतून ऊन. शेजारी समई पेटलेली. मी म्हटलं, "सर, गरम झाली तर खराब होईल. आत ठेवू का?"

"देवापुढं मांडलेलं दसऱ्यापर्यंत हलवत नाहीत. तू तर शिवूच नकोस."

कुणीतरी फिसकन हसलं. मी बौद्ध, जामखेडकडची, हे सगळ्यांना ठाऊक. मी दाराशी उभी. डोळ्यांदेखत माझं काम नासत होतं आणि मला हात लावायची चोरी. पेढा मात्र मिळाला. वरून टाकलेला, तळहाताला बोट लागणार नाही असा.

दसऱ्यानंतर नमुने लावले. एन्झाइमची खूण जिच्यावर उमटते, ती पट्टी कोरी. पुन्हा लावले. कोरीच.

सरांनी सगळ्यांना बोलावलं. "ही पोरगी बाटली बाहेर विसरली. हिच्या हातालाच यश नाही. उद्या सकाळी सगळ्यांसमोर माफी माग, नाहीतर दुसरा गाईड बघ."

त्याच बाटलीवर अक्षता टाकणारे माझे सोबती फरशीकडं बघत राहिले. केडगावच्या खोलीवर येऊन आईला फोन केला आणि ढसाढसा रडले.

आई म्हणाली, "मागून टाक की माफी. तोंड झिजतंय व्हय? सायेब लोकांपुढं आपलं काय चालतंय? शिकून घे बाई."

लई राग आला तिचा. मग कळलं, ती आयुष्यभर हेच करत आली. न केलेल्या चुकांची माफी मागत. मला शिकवायला.

सकाळी गेले. सगळे जमलेले. सर म्हणाले, "हं, बोल."

"बाटली मी विसरले नाही. तुम्ही पूजेत मांडलीत. मी फ्रीजरमध्ये ठेवते म्हटलं, तर शिवू नकोस म्हणालात."

"चालती हो."

चालती झाले. दुसरा गाईड मिळाला नाही. ज्याच्याकडं जाते तो आधी सरांना फोन लावतो. पीएच.डी. बहुतेक गेलीच. त्याचं दुःख आहे, खोटं कशाला बोलू.

पण लोक विचारतात, लॅब का सोडली? मी सोडली नाही. मला काढलं. का काढलं आणि कुणी काढलं, ते मी सरांचं नाव घेऊन सांगते. सांगत राहणार.